वीस मिनिटांची कीर्ती आणि सतराव्या लान्सर्सचे खरे काम

काही महिन्यांपूर्वी युद्धेतिहासावरच्या एका व्याख्यानानंतर श्रोत्यांमध्ये जो वाद पेटला, तो ऐकताना माझी काहीशी निराशा झाली. विषय जुनाच होता : २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्याजवळच्या दरीत ब्रिटिशांच्या ‘लाइट ब्रिगेड’ने, म्हणजे हलक्या घोडदळाच्या ब्रिगेडने, रशियन तोफांवर समोरून केलेला हल्ला. एका गटाचे म्हणणे असे की, पैसे मोजून हुद्दे विकत घेणाऱ्या उमरावांच्या मूर्खपणाचा तो कळस होता आणि इंग्रजांचे घोडदळ म्हणजे झगमगीत गणवेशातला निरुपयोगी लवाजमा होता. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, हुकूम चुकीचा आहे हे दिसत असतानाही त्या सहाशे-सातशे स्वारांनी रांग मोडली नाही, आणि अशा शिस्तीच्या बळावरच इंग्रजांनी निम्म्या जगावर राज्य केले. त्या दिवशी पहिल्या रांगेत दौडलेल्या सतराव्या लान्सर्स या भालाईत घोडेस्वारांच्या रेजिमेंटने त्या वीस मिनिटांच्या आधी पंचाण्णव वर्षे आणि नंतर अडुसष्ट वर्षे नेमके काय केले, हा प्रश्न मात्र तासाभराच्या वादात कोणीही विचारला नाही. हीच रेजिमेंट अवघ्या चार वर्षांनी येवल्यात जन्मलेल्या एका माणसाच्या मागावर माळव्याच्या जंगलांतून हिंडत होती, हेही कोणाला आठवले नाही.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. हलक्या घोडदळाचे काम तोफांसमोर मरणे हे कधीच नव्हते. शत्रू कोठे आहे याची बातमी आणणे, स्वतःच्या फौजेची पिछाडी राखणे आणि शत्रू मोडला की त्याला पुन्हा उभे राहू न देता त्याचा पाठलाग करणे, ही त्याची तीन कामे. सतराव्या लान्सर्सचा इतिहास या कसोटीवर तपासला की थट्टा आणि स्तुती दोन्ही सारख्याच उथळ ठरतात. थट्टा करणाऱ्यांना वाटते त्याहून ही रेजिमेंट पुष्कळ उपयोगाची होती, पण स्तुती करणाऱ्यांना वाटते तितके तिचे काम देखणे नव्हते, आणि जेथे ती फसली तेथे बहुधा हल्ल्याच्या मोहापायी पाठलागाचे काम टाकून दिल्यामुळे फसली.

थट्टा करणाऱ्यांचा पहिला मुद्दा मात्र नाकारण्यासारखा नाही. ब्रिटिश सैन्यात हुद्द्यांची खरेदी-विक्री १८७१ पर्यंत राजरोस चालू होती, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण याच रेजिमेंटने दिले आहे. पुढे लॉर्ड लुकन म्हणून ओळखल्या गेलेल्या लॉर्ड बिंगहॅमने १८२६ मध्ये सतराव्या लान्सर्सचे आधिपत्य सरकारी दराच्या कितीतरी पट रक्कम देऊन मिळवले. हा आकडा पंचवीस हजार पौंडांचा होता असे त्या काळापासून सांगितले जाते. गणवेशावर त्याने इतका खर्च केला की लोक या रेजिमेंटला ‘बिंगहॅमचे छानछोकीवाले’ म्हणू लागले. हाच लुकन १८५४ मध्ये क्रिमियात सबंध घोडदळाचा सेनापती होता, त्याच्या हाताखाली लाइट ब्रिगेडचा प्रमुख म्हणून त्याचाच मेहुणा लॉर्ड कार्डिगन होता, आणि दोघांचे एकमेकांशी धड बोलणेही नव्हते. अशा दोघांच्या हाती घोडदळ सोपवणाऱ्या व्यवस्थेचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही.

पण येथेच थांबले तर अर्धेच चित्र हाती लागते. त्या सकाळी सतराव्या लान्सर्सचे आधिपत्य करत होता तो कॅप्टन विल्यम मॉरिस, आणि तो मुळीच छानछोकीवाला नव्हता. पूर्वी सोळाव्या लान्सर्समध्ये असताना त्याने १८४३ मध्ये महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेविरुद्ध आणि १८४६ मध्ये अलीवालला शिखांविरुद्ध प्रत्यक्ष लढाई केली होती. ज्याच्या हाताने तो दुर्दैवी हुकूम आला, तो पंधराव्या हुसार्स या घोडदळ रेजिमेंटचा कॅप्टन नोलनही हिंदुस्थानात नोकरी केलेला होता आणि घोडदळाच्या डावपेचांवर त्याने १८५३ मध्ये विस्ताराने लिहिले होते. त्यात एक गमतीचा प्रसंग आहे. निजामाच्या घोडेस्वारांच्या तलवारींनी केलेले घाव पाहून तो चकित झाला आणि ही पाती कोठली याची त्याने चौकशी केली. ती इंग्रज ड्रॅगून रेजिमेंटांनी मोडीत काढलेली जुनी पातीच होती. देशी स्वारांनी त्यांना धार लावून ती लाकडी म्यानात ठेवली होती, इतकाच फरक. इंग्रज स्वार तेच पाते लोखंडी म्यानात खडखडवत बोथट करत असे. ज्ञान होते, ते अनुभवातून आले होते आणि ते याच रेजिमेंटांच्या मधल्या फळीत होते. पण हिंदुस्थानात नोकरी केलेले अधिकारी कार्डिगनच्या डोळ्यांत सलत असत. ते गबाळे आणि आपल्या भोजनगृहाला न शोभणारे आहेत, असे त्याचे मत होते. तेव्हा मूर्खपणा होता तो घोडदळात होता, की घोडदळाला जे कळत होते ते ऐकून घेण्यास नकार देणाऱ्या वरच्या थरात?

या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवसाने दिले आहे. फक्त आपण चुकीच्या तासाकडे पाहतो. प्रसिद्ध हल्ल्याच्या आधी त्याच सकाळी ब्रिटिशांच्या जड घोडदळाने आपल्याहून कितीतरी मोठ्या रशियन घोडदळावर चढावर हल्ला करून त्याला मागे लोटले. रशियन स्वारांची रांग विस्कटली, ते पाठ फिरवून निघाले, आणि लाइट ब्रिगेड काही शे यार्डांवर घोड्यांवर बसून हे सारे पाहत राहिली. हलके घोडदळ ज्या क्षणासाठी पोसले जाते तो हाच क्षण. मॉरिसने कार्डिगनकडे जाऊन, निदान आपल्या रेजिमेंटला तरी शत्रूच्या बगलेवर जाऊ द्यावे अशी विनवणी केली आणि कार्डिगनने ती धुडकावली. कार्डिगनने पुढे हे साफ नाकारले. पण ऐकणारे साक्षीदार होते, आणि ब्रिगेड जागची हलली नाही ही गोष्ट तर कोणीच नाकारत नाही. त्याआधी महिनाभरच आल्माच्या लढाईत रशियन पायदळ मागे हटत असतानाही ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लनने घोडदळाला असेच रोखून धरले होते. दोनदा पाठलाग नाकारला गेला आणि तिसऱ्या खेपेस, ज्या कामासाठी हलके घोडदळ नाही त्या कामावर, म्हणजे सव्वा मैल लांबीच्या दरीतून तीन बाजूंच्या तोफांमध्ये, त्याला धाडण्यात आले. सतराव्या लान्सर्सचे सुमारे दीडशे स्वार त्या दरीत उतरले. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला चाळीसही उभे राहू शकले नाहीत. बालाक्लाव्याचा खरा पराभव मी त्या न झालेल्या पाठलागात पाहतो. हल्ला हे त्याचे प्रायश्चित्त होते, आणि ते भलत्यांनीच घेतले.

त्याच वेळी दरीच्या एका अंगाला घडलेली गोष्ट तर कोणाच्या गावीही नसते. लाइट ब्रिगेडवर डावीकडच्या टेकड्यांवरून जो मारा होत होता, तो फ्रेंचांच्या ‘शास्यूर द आफ्रिक’ या हलक्या घोडदळाने बंद पाडला. अल्जीरियाच्या मोहिमांत तयार झालेले हे स्वार चढाच्या आडोशाने, विरळ रांगा करून वर गेले, तोफा हटवायला लावल्या आणि मोजक्या नुकसानीत परतले. त्यांनी ते केले नसते तर परतीच्या वाटेवर सतराव्या लान्सर्सचे अडतीस काय, आठही उरले नसते. लाइट ब्रिगेडवर आहे तशी त्यांच्यावर कविता नाही. काम नीट झाले की कवितेला जागा उरत नाही, असेच म्हणायचे का?

आता दुसऱ्या गटाचा, म्हणजे शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांचा, मुद्दा घेऊ. कारण तो पहिल्याहून बळकट आहे. मृत्यू समोर दिसत असताना रांग न मोडणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि ते घोडेस्वार तोफांपर्यंत पोहोचले, त्यांनी गोलंदाज कापले आणि मागे उभ्या असलेल्या रशियन घोडदळाला मागे रेटले, हेही खरे आहे. त्या धाडसाचा धसका रशियन घोडदळाने घेतला असे म्हणणाऱ्यांना मी खोटे पाडणार नाही. पण धैर्य मान्य करणे वेगळे आणि त्या धैर्यालाच रेजिमेंटच्या कामाचे माप मानणे वेगळे. आपल्याकडेही हा घोटाळा आहे. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. ही कथा मराठी घरात ठाऊक नाही असा माणूस विरळा. पण शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना बोल लावला होता तो कशाबद्दल? हाती आलेला शत्रू सोडून दिला, त्याचा निकाल लावला नाही, याबद्दल. म्हणजे ठपका पाठलाग न केल्याचा होता, आणि त्याचे उत्तर मात्र हल्ल्याने दिले गेले. त्यानंतर फौज सावरून महिनाभरात बहलोलखानाच्या जहागिरीतल्या संपगावपर्यंत धडक मारणारे आनंदराव किती जणांना आठवतात? प्रतापरावांचे बलिदान लहान करण्याचा माझा हेतू नाही. पण मराठी घोडदळाचा दरारा उभा राहिला तो नेसरीवर नव्हे, अशा आनंदरावांच्या दौडींवर, हे कोणताही जाणकार मान्य करील.

सतराव्या लान्सर्सचा जमाखर्च असाच मांडून पाहावा. ही रेजिमेंट १७५९ मध्ये कर्नल जॉन हेल याने उभी केली. क्वेबेकला जनरल वुल्फ विजयाच्या क्षणी पडल्याची बातमी घेऊन हाच हेल लंडनला आला होता. कवटी, तिच्याखाली आडवी हाडे आणि ‘मृत्यू किंवा कीर्ती’ हे बोधवाक्य, हे तिचे चिन्ह त्याच स्मृतीतून आले. एवढे भीषण चिन्ह मिरवणारी ही रेजिमेंट नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधल्या युद्धात नव्हती आणि वॉटर्लूलाही नव्हती. १९१४ पूर्वी युरोपच्या भूमीवर ती लढली अशी मोठी मोहीम एकच, ती म्हणजे क्रिमियाची. उरलेला बराचसा काळ ती अमेरिकेत, वेस्ट इंडीजमध्ये, दक्षिण अमेरिकेत, आयर्लंडमध्ये, हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत होती, आणि तेथे तिच्या वाट्याला आले ते मुख्यतः पाठलागाचेच काम. मे १७८० मध्ये कॅरोलायनात टार्लटन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली या रेजिमेंटचे चाळीसएक स्वार होते. त्या तुकडीने चौपन्न तासांत एकशे पाच मैल तोडून अमेरिकन बंडखोरांच्या माघार घेणाऱ्या पायदळाला वॅक्सहॉजला गाठले आणि तेथे जी कत्तल झाली, तिच्यामुळे ‘टार्लटनचे जीवदान’ (म्हणजे शरण आलेल्यालाही न सोडणे) हा अमेरिकेत शिवीवजा वाक्प्रचार झाला. १८०८ ते १८२३ ही पंधरा वर्षे ती हिंदुस्थानात, बहुतेक गुजरात आणि कच्छच्या बाजूला होती, आणि १८१७ साली पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी जे जाळे आवळले गेले, त्याचा एक धागा तीही होती. त्याच जाळ्यात पुढच्या वर्षी पेशवाईही गेली, हे वेगळे सांगायला नको.

१८२२ मध्ये तिच्या हाती भाला आला आणि ती ‘लान्सर्स’ झाली. हा भाला आणि त्यासोबतची चौकोनी माथ्याची टोपी इंग्रजांनी नेपोलियनच्या पोलिश स्वारांकडून उचलली. ज्या देशात विटेकरी आणि भालाईत पिढ्यान्‌पिढ्या होते त्या देशात चौदा वर्षे काढूनही भाल्याची कल्पना त्यांना पोलंडमार्गे यावी, याचे मला नेहमी हसू येते.

आता १८५८ कडे वळतो, कारण या रेजिमेंटचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही एकाच वर्षात पाहायचे असतील तर याहून चांगले वर्ष नाही. मुंबईत उतरून खडकीला तळ पडलेली ही रेजिमेंट मध्य हिंदुस्थानात उतरली तेव्हा ग्वाल्हेर पडले होते, झाशीची राणी कामी आली होती आणि येवल्याचा तात्या टोपे उरलेल्या फौजेनिशी राजपुतान्याच्या दिशेने निघाला होता. पुढचे जवळजवळ दहा महिने जे चालले त्याला लढाई म्हणणे कठीण आहे. टोंक, झालरापाटण, राजगड, सिरोंज. तेथून बेतवेच्या खोऱ्यात. मग ऑक्टोबरअखेर सगळ्यांना चकवून नर्मदेच्या दक्षिणेला. नानासाहेब पेशव्यांच्या नावाने लढणारा माणूस दख्खनच्या उंबरठ्यावर आला, या विचाराने मुंबई सरकारची झोप उडाली, आणि ती उगीच नव्हे. तेथून तो पश्चिमेला वळला, छोटा उदेपूरपर्यंत गेला, पुन्हा उत्तरेला बांसवाड्याच्या जंगलात शिरला आणि वर्ष पालटता पालटता राजपुतान्यात परत दिसला. जनरल मिशेलच्या फौजा, आणि त्यांत सतराव्या लान्सर्सच्या तुकड्या, त्याच्या मागे ससेमिरा लावून होत्या. बालाक्लाव्यात डोक्यावर तलवारीचे वार झेलून वाचलेला सर विल्यम गॉर्डन त्यांच्यात होता. पुढे फील्ड मार्शल झालेला तरुण लेफ्टनंट एव्हलिन वुड त्यांच्यात होता. त्याला १९ ऑक्टोबरच्या सिंदवाहाच्या चकमकीतील आणि नंतरच्या एका कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

या पाठलागाने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध होतात, आणि आपल्या वादातल्या दोन्ही गटांना त्या अडचणीच्या आहेत. पहिली अशी की, हे घोडदळ निरुपयोगी नव्हते. तात्याला एका ठिकाणी फार काळ टेकू दिले गेले नाही. फौज जमवायला, तोफा ओतायला, संस्थानिकांशी बोलणी पक्की करायला जो निवांतपणा लागतो तो त्याला मिळाला नाही, आणि तो मिळाला असता तर १८५८ चा हिवाळा वेगळा गेला असता. शत्रूला थकवणे हेही युद्धच असते आणि ते घोड्याच्या टापांनीच होते. दुसरी गोष्ट अशी की, एवढे करूनही त्यांना तात्या सापडला नाही. प्रत्येक पराभवाने तो अधिक हलका होत गेला. राजगडजवळ तोफा हातच्या गेल्यावर तर त्याच्या वेगाला पायबंदच उरला नाही. त्याचे लोक गावातून दाणावैरण आणि ताजी घोडी घेत पुढे जात, तर मागच्या इंग्रज स्वाराच्या घोड्यावर धिप्पाड माणूस, जड खोगीर आणि भाला, आणि त्यामागे सामानाच्या उंटांची रांग. सिंदवाहाला वुडच्या हाताखाली जे स्वार होते ते त्याच्या रेजिमेंटचे नव्हते. ते मुंबईच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीचे, म्हणजे देशी स्वार होते, आणि त्यांच्याशी बोलता यावे म्हणून वुडने हिंदुस्थानी शिकून घेतली होती. बातमी आणणारे देशी, वाट दाखवणारे देशी, लांब पल्ल्याची दौड मारणारे बहुतांशी देशी. आणि अखेरीस तात्या पकडला गेला तो एप्रिल १८५९ मध्ये पाडोणच्या जंगलात नरवरच्या मानसिंगाने दगा दिल्यामुळे. १८ एप्रिलला शिवपुरीला त्याला फाशी दिले. बालाक्लाव्याच्या शिस्तीवर साम्राज्य उभे राहिले म्हणणाऱ्यांनी या दहा महिन्यांचा हिशेब कोणत्या खात्यात घालायचा ते सांगावे. साम्राज्याला लागणारी दौड भाड्याने घेतलेली होती, आणि शेवटचा घाव तर फितुरीचा होता.

पाठलागाचे दुसरे रूप पाहायचे तर ४ जुलै १८७९ ला झुलूंच्या उलुंडी या राजधानीसमोर जावे लागते. लॉर्ड चेम्सफर्डने चारही बाजूंनी पायदळ आणि तोफा लावून चौकोन रचला होता आणि सतराव्या लान्सर्सना त्याच्या पोटात उभे केले होते. झुलू योद्धे बंदुकांच्या आणि गॅटलिंग तोफांच्या माऱ्यात अर्ध्या तासात मोडले. मग चौकोन उघडला आणि कर्नल ड्रुरी-लो याच्या मागून लान्सर्स बाहेर पडले. त्यानंतर उघड्या माळावर पळणाऱ्या माणसांच्या पाठीत भाले घुसत राहिले. झुलूंचे हजाराहून अधिक लोक त्या दिवशी मारले गेले, ब्रिटिशांकडचे जेमतेम डझनभर. झुलूंची सत्ता तेथेच संपली. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर या रेजिमेंटच्या सबंध इतिहासात इतके चोख काम दुसरे झाले नसेल : थांबायचे तेव्हा थांबली, निघायचे तेव्हा निघाली, शत्रूला पुन्हा जमू दिले नाही. मग इंग्रज राजकवी टेनिसनने बालाक्लाव्यावर काही आठवड्यांत कविता लिहिली तशी उलुंडीवर कोणी का लिहिली नाही? कारण उघड आहे. आपण मरतो तेव्हा कविता होते. पळणाऱ्याला मारतो तेव्हा फक्त सरकारी खलिता होतो. राष्ट्रांना आपल्या रेजिमेंटा मरताना आठवायला आवडतात. बालाक्लावा इतका गाजला याचे एक कारण त्याच्या भव्यतेपेक्षा त्याच्या सोयीत आहे असे मला वाटते. त्या वीस मिनिटांच्या उजेडात वॅक्सहॉजपासून उलुंडीपर्यंतचा अंधार दिसेनासा होतो.

हल्ल्याच्या मोहाची सर्वांत स्वच्छ साक्ष मात्र दुसऱ्या एका रेजिमेंटची आहे, जी पुढे सतराव्या लान्सर्समध्येच विलीन झाली. एकविसाव्या लान्सर्सच्या नावावर १८९८ पर्यंत एकही युद्धसन्मान नव्हता. ‘हत्या करू नकोस’ हेच त्यांचे बोधवाक्य, असे इतर रेजिमेंटांतले अधिकारी चिडवत. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुर्मानला सकाळचा मोठा हल्ला मोडल्यावर, शत्रूला शहराकडे परतू न देण्याचे, म्हणजे वाट अडवण्याचे काम ब्रिटिश सेनापती किचनरने त्यांना दिले. पुढे काही शे ‘दरवेशी’, म्हणजे शत्रूचे सुदानी योद्धे, दिसताच कर्नलने थेट हल्ला चढवला. त्यांच्यामागच्या कोरड्या नाल्यात दोन हजारांहून अधिक लोक दबा धरून होते. दोन मिनिटांच्या झुंजीत सत्तरएक माणसे आणि शंभरावर घोडी ठार किंवा जखमी झाली. विशेष म्हणजे, त्या नाल्यातून शत्रूला अखेर हुसकले ते भाल्याने नव्हे. स्वार पायउतार झाले आणि बाजूने कार्बाइन, म्हणजे आखूड बंदुका, चालवू लागले तेव्हा. हेच आधी केले असते तर? रेजिमेंटला तीन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, तिच्यासोबत दौडलेल्या तरुण विन्स्टन चर्चिलला लिहायला विषय मिळाला. पण पुढच्या पाठलागासाठी ती रेजिमेंट जवळपास निकामी झाली आणि दरवेश्यांचा प्रमुख खलिफा निसटला. त्याला गाठायला आणखी चौदा महिने लागले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही : बंदूक लांब पल्ल्याची झाल्यावर घोडदळाचा काळच संपला होता, मग हल्ला काय आणि पाठलाग काय! दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअरांशी झालेल्या बोअर युद्धात या आक्षेपाला मोठे बळ मिळाले. १७ सप्टेंबर १९०१ रोजी केप वसाहतीत टार्कास्टॅडच्या बाजूला मॉडरफॉन्टीन येथे याच सतराव्या लान्सर्सच्या एका स्क्वाड्रनवर यान स्मट्सच्या अडीचशे अर्धपोटी बोअरांनी झडप घातली. त्यांच्या अंगावर आधी लुटलेले खाकी कपडे असल्याने ते आपलेच लोक वाटले. सत्तरएक ब्रिटिश ठार-जखमी झाले, आणि बोअर ताजी घोडी, दारूगोळा, अन्न घेऊन, उरलेले पेटवून देऊन निघून गेले. मराठी वाचकाला यात अपरिचित असे काय आहे? हा तर सरळ गनिमी कावा. पण नीट पाहिले तर मॉडरफॉन्टीनने घोडा निकालात काढला नाही. जिंकणारेही घोड्यावरूनच आले होते. निकालात निघाला तो घोड्याला केवळ धडक देणारे जनावर मानणारा विचार. लॉर्ड रॉबर्ट्‌सने हे ओळखून १९०३ मध्ये लढाईसाठीचा भाला बंद केला. पण १९०१ पासून या रेजिमेंटचा प्रमुख असलेल्या डग्लस हेगसारख्या अधिकाऱ्यांनी नेट लावला आणि १९०९ मध्ये भाला परत आला. तो कायमचा गेला १९२७ मध्ये. जिच्या स्क्वाड्रनची घोडी स्मट्स घेऊन गेला, तिच्याच प्रमुखाने त्या दिवसापासून काही न शिकावे, याला काय म्हणावे!

पहिल्या महायुद्धात सतरावे लान्सर्स सियालकोट ब्रिगेडमधून, सहाव्या आणि एकोणिसाव्या देशी रिसाल्यांच्या जोडीने, फ्रान्सला गेले आणि शत्रूच्या फळीत भगदाड पडण्याची वाट पाहत, मधूनमधून खंदकांत पायदळाचे काम करत राहिले. भगदाड नाही तेथे पाठलागही नाही. एवढ्यापुरता आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण १९१८ च्या सप्टेंबरात पॅलेस्टाइनमध्ये भगदाड पडले तेव्हा काय झाले? घोडदळ तुर्की फौजांच्या पिछाडीला दौडत गेले, त्यांच्या माघारीच्या वाटा त्याने तोडल्या, आणि २३ तारखेला जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी हैफा घेतले. रणगाड्यांच्या काळातही हाच धडा गिरवला गेला. १९२२ मध्ये सतरावी आणि एकविसावी एक झाली, १९३८ मध्ये तिची घोडी गेली, आणि एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या फोंडुकच्या खिंडीत तिला सुरुंगांतून आणि रणगाडाभेदी तोफांवर समोरून जावे लागले. मोठ्या संख्येने रणगाडे जळले. पुढच्याच महिन्यात ट्यूनिसजवळ फळी फुटल्यावर मात्र तिच्याच डिव्हिजनने शत्रूला मागे वळून पाहायला उसंत दिली नाही. १९९३ आणि २०१५ अशा आणखी दोन विलीनीकरणांनंतर आज ती ‘रॉयल लान्सर्स’ आहे. टोपीवर तीच कवटी आहे आणि काम आहे चिलखती गाड्यांतून टेहळणीचे, म्हणजे बातमी आणण्याचे.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. तुम्ही आजच्या चष्म्यातून पाहता, असे म्हटले जाते. त्या काळात पाठलागात कापाकापी सगळेच करत, मराठ्यांनीही केली. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी वॅक्सहॉज किंवा उलुंडी हे इंग्रजांच्या एखाद्या खास दुष्टपणाचे दाखले म्हणून देत नाही. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या मैदानात जमलेल्या निःशस्त्र गर्दीवर पंधराव्या हुसार्सना पाठवण्यात आले तेव्हा समोर त्यांचेच देशबांधव होते. पोलीस दल नसलेल्या काळात राज्यकर्त्यांच्या हाती सर्वांत वेगवान हत्यार म्हणजे घोडा, आणि तो घरी काय, परक्या मुलखात काय, सारख्याच कामाला जुंपला जाई. माझा आग्रह निवाड्याचा नाही, मोजमापाचा आहे. दीडशेहून अधिक वर्षे एक काम करणाऱ्या रेजिमेंटला, तिने एकदा केलेल्या भलत्याच कामावरून कोणी मूर्ख ठरवावे किंवा कोणी देव्हाऱ्यात बसवावे, हे मला अमान्य आहे.

कॅप्टन मॉरिस बालाक्लाव्याहून वाचला. डोके फुटलेल्या अवस्थेत तो पडला होता, तेथून त्याला सार्जंट वुडन आणि सर्जन मोआट यांनी बाहेर काढले आणि त्याबद्दल दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे तो रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात आला आणि जुलै १८५८ मध्ये, त्याचे स्वार तात्याच्या मागावर निघण्याच्या सुमारास, पुण्यात वारला. डेव्हनमधल्या हॅदर्ली गावाच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ उंच दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या कांस्यचित्रात बालाक्लाव्याच्या रणातून त्याला जखमी अवस्थेत उचलून नेताना दाखवले आहे.